जावेचे ओले केस

माझ्या पार्लरच्या भिंतीवर एक फोटो आहे. पाठमोरी बाई, पाठीच्या मध्यापर्यंत आलेले लाटालाटांचे केस, सगळ्यात आखूड लेअर हनुवटीजवळ सुटलेली आणि बाकीच्या तिच्याखाली एकीखाली एक उतरत गेलेल्या. यवतपासून पाटसपर्यंतच्या पोरी तो फोटो बघतात आणि म्हणतात, "ताई, सेम असंच पाहिजे." फोटोतली बाई माझी धाकटी जाऊ आहे आणि कट मी केलेला आहे. कुणी त्याचं फार कौतुक करायला लागलं की मी खाली वाकून ड्रॉवर उघडते आणि उगाच क्लिपा उलटसुलट करत बसते.

लाज वाटते, दुसरं काय. तीन वर्षं झाली तरी वाटते.

माझं माहेर केंदूरच्या बाजूचं. आम्ही धनगर. माझा आजा मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचा. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वेळेला जमीन नीट झाली, विहिरीला पाणी लागलं आणि घर एका जागी थांबलं. तरी आप्पांनी वीस-पंचवीस मेंढरं ठेवलीच. आई म्हणायची, "कशाला तो राडा?" त्यावर आप्पा म्हणायचे, "मेंढरं न्हाईत तर सकाळचं उठायचं कशाला?" 

वर्षातून दोनदा लोकर कातरायची. मोठ्या मेंढरांची साधी लोकर, आणि कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. लेकराच्या पहिल्या केसांना म्हणतात तोच शब्द. जावळाची लोकर मऊ, तिची घोंगडी टोचत नाही. कातरायचं काम बाप्यांचं. पण माझ्या भावानं कातर धरली की मेंढराच्या अंगाला चिमटा बसायचाच, आणि ते ओरडलं की हा त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचा. मग एके वर्षी आप्पांनी कातर माझ्या हातात दिली. मी तेव्हा सहावीत असेन. बांधावर बसलेले शेजारचे आबा म्हणाले, "आरं, पोरीच्या हातात कातर?" आप्पा म्हणाले, "हात बघा की, पोर कशाला बघताय?" तो दिवस मला आजही तसाच्या तसा दिसतो. एवढी मोठी मी त्यानंतर कधी झाले नाही.

कातरायच्या आधी मेंढरं धुवायची आणि मग दोन दिवस उन्हात राहू द्यायची. वाळल्याशिवाय कातर लावायची नाही. हा आप्पांचा एकच नियम, पण कडक. ओली लोकर जड होते, सरळ लोंबते, आहे त्यापेक्षा लांब दिसते. तुम्ही त्या अंदाजानं कातरता, आणि वाळली की ती आखडून वर जाते आणि खालचं कातडं उघडं पडतं. मला हे कुणी नुसतं सांगितलेलं नाही. दुसऱ्याच वर्षी मी घाई केली होती आणि एक कोकरू दमट असताना कातरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर चट्टे पडलेले, आणि थंडीनं ते उभं राहून थरथरत होतं. आप्पांनी स्वतःची घोंगडी त्याच्यावर टाकली.  तो धडा मी विसरणं शक्यच नव्हतं, हे तुम्ही लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

बारावीनंतर शिरूरला पार्लरचा कोर्स केला. आमच्या मॅडम सगळ्यांचे केस ओले करूनच कापायच्या. बहुतेक बायकांचे केस सरळ, त्यामुळे चालून जायचं. एकदा एक मुलगी आली, तिचे केस वळणावळणांचे. मी मागून म्हणाले, "मॅडम, हे वाळवून कापू या, नाहीतर वर जातील." त्यांनी ऐकलं नाही, केस वर गेले, मुलगी रडली. मग मॅडमनी मला विचारलं, "तुला कसं गं कळलं?" मी म्हणाले, "युट्यूबवर बघितलं." मेंढरांचं नाव तोंडातून निघालं नाही. आजूबाजूला शिरूरच्या पोरी होत्या, त्या हसल्या असत्या. ती माझी पहिली लाज, आणि तीही चुकीच्या गोष्टीची.

लग्न होऊन कासुर्डीला आले. घर हायवेच्या जवळ, म्हणून पुढच्या खोलीला काचेचा दरवाजा लावून पार्लर टाकलं. दुपारी सासूबाई तिथंच येऊन बसायच्या, कारण चांगला पंखा तिथंच होता. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. आत्या वाईट नाहीत. तोंड तेवढं फटकळ. सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली राहिले, त्यांनी मला उपाशी ठेवलं नाही की माझ्या माहेरचं वाईट काढलं नाही. पण कधी मायेनं डोक्यावरून हात फिरवला, असंही झालं नाही. मी म्हणायचे, असतं एकेकाचं. मायेचं प्रदर्शन करायची सवय नसते.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि ही आली. हडपसरची. वडील ड्रायव्हर, ही स्वतः कुरकुंभच्या एका कंपनीत ऑफिसात. हसरी पोर, कामाला मागं नाही. आणि केस! बाई गं, मी एवढ्या बायकांची डोकी हाताळली पण तसे केस नाही बघितले. कमरेखाली जाणारे, दाट, मुळापासून टोकापर्यंत नुसत्या लाटा. वेणी घातली तर माझ्या मनगटाएवढी. माझी स्वतःची वेणी मुलगी झाल्यापासून करंगळीएवढी झालेली. आरशासमोर उभी राहून दिवसभर दुसऱ्यांचे केस सुंदर करते आणि स्वतःचे क्लचरमध्ये कोंबते.

पहिल्याच रविवारी आत्यांनी तिला ओसरीवर समोर बसवलं आणि खोबऱ्याच्या तेलाची वाटी घेतली. तासभर तेल लावत होत्या. बोटांनी एकेक गुंता सोडवत होत्या आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या, अगदी पोटच्या पोरीचं करावं तसं. पुढच्या रविवारीही तेच. मग दर रविवारीच. मी आतून भाकऱ्या थापत बघायचे. म्हणजे प्रदर्शनाची सवय नव्हती असं काही नव्हतं. माझ्यापुरतीच नव्हती.

हे सांगायलासुद्धा कसंतरी होतं. बत्तीस वर्षांची बाई, स्वतःचा धंदा, स्वतःची मुलगी, आणि सासूनं आपल्या डोक्याला तेल लावलं नाही म्हणून जळते. पण जळत होते, खरंच जळत होते. आणि जिच्यावर जळत होते तिनं माझं काडीचंही वाईट केलेलं नव्हतं.

मग तिच्या भावाचं लग्न ठरलं. ही करवली. लग्नाला चार दिवस राहिलेले. ती सुट्टी घेऊन सकाळीच माझ्याकडे आली आणि मोबाइलमधला एक फोटो दाखवला. लांब लेअर्स, मोकळ्या लाटा. "ताई, मला असं करून द्या. आयुष्यात कधी कट नाही केला. करवली म्हणून एकदाच केस मोकळे सोडायचेत. दुसरीकडे नाही जाणार मी, तुम्हीच करा." लहान पोरगी नवा फ्रॉक दाखवते तशी ती फोटो दाखवत होती.

त्याच वेळी आप्पा आलेले होते. पिशवीभर शेवग्याच्या शेंगा घेऊन, बसनं. पार्लरच्या दाराशी बाकडं आहे, त्यावर चहाचा कप घेऊन बसले. आत भांडगावच्या दोन बायका आयब्रोसाठी थांबलेल्या. आणि पंख्याखाली आत्या.

जावेनं अंबाडा सोडला. केस खुर्चीच्या पाठीवरून खाली लोंबले. भांडगावच्या बायका म्हणाल्या, "अगं बाई, काय केस!" आत्यांना तेवढंच पाहिजे होतं. म्हणाल्या, "व्हय मग! केस असावं तर असं. न्हाईतर आमच्या थोरलीचं बघा, सोताचं पार्लर हाय, आन् डोक्यावर काय न्हाई. दुसऱ्यांचंच कापत बसती." बायका हसल्या. मीही हसले. गिऱ्हाइकांसमोर हसावंच लागतं. आणि हसता हसता माझा हात पाण्याच्या स्प्रेकडे गेला.

वेव्ही केस मी कोरडेच कापते. शिरूरपासून तेच करत आले होते, एकदाही मोडलं नव्हतं. त्या दिवशी मी ते केस मुळापासून टोकापर्यंत भिजवले. चपचपीत. मग बारीक दातांच्या कंगव्यानं ताणून सरळ केले. सगळ्या लाटा गेल्या, केस पार खाली लोंबायला लागले.

"कुठपर्यंत ठेवू?" मी विचारलं.

तिनं हात मागं नेऊन पाठीच्या मध्यावर बोट टेकवलं. "इथपर्यंत. आणि पुढची हनुवटीपर्यंत."

बाकड्यावरून आप्पांचा आवाज आला. मोठ्यानं नाही, मेंढरांजवळ बोलतात तसा हलका. "पोरी, ओलं हाय."

मला ऐकू आलं. मी आरशात त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी कप खाली ठेवला होता आणि ते माझ्या हाताकडे बघत होते. मी थांबू शकत होते. ड्रायर हातभर अंतरावर होता, दहा मिनिटांचं काम. मी म्हणाले, "आप्पा, चहा गार होतोय तुमचा." आणि कात्री चालवली.

तिनं जिथं बोट ठेवलं होतं तिथंच कापले, बरं का. एक केससुद्धा जास्त नाही. तिनं हनुवटी म्हटलं, मी हनुवटीलाच लेअर काढली. कुणी पट्टी घेऊन मोजलं असतं तरी मला दोष देता आला नसता. हीच तर माझी हुशारी! मुद्दाम वाकडं कापलं असतं तर निदान रागाच्या भरात केलं असं म्हणता आलं असतं. मी शांतपणे, नीट, सांगितल्याबरहुकूम कापलं, आणि पुढं काय होणार ते मला कापायच्या आधीच दिसत होतं.

ड्रायर लावला. केस वाळायला लागले तसे वर चढायला लागले. पाठीवरून खांद्यावर आले. हनुवटीची लेअर गालावर आली, मग कानाजवळ जाऊन बसली. वरचे केस फुलून सगळीकडून उभे राहिले. ती आधी आरशात बघून हसत होती. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे भरले. तिनं दोन्ही हातांनी केस धरून खाली ओढले, जणू ओढले की लांब होतील. सोडले की परत वर.

"अजून वाळायचेत का ताई?" तिनं विचारलं.

"नाही गं," मी म्हणाले. "वाळले."

आत्या उठल्याच. "काय केलंस हे? चार दिवसावर लगीन आलंय पोरीच्या भावाचं! तुला कळत न्हाई का? एवढं शिकलीस, आन् केस वर जातील एवढं ठावं न्हाई तुला?"

मी तोंड उघडलं, पण त्यातून काय निघणार होतं मला माहीत नाही. तेवढ्यात आप्पा दारातून आत आले. चपला बाहेर काढून, दवाखान्यात आल्यासारखे. आत्यांसमोर हात जोडले आणि म्हणाले, "विहीणबाई, तिला बोल लावू नगा. तिला कसं ठावं असंल? लोकर कातरणाऱ्यालाच कळतं ते. आन् ती कवा मेंढरात आलीच न्हाई. पोरीच्या हातात आम्ही कातर देत न्हाई."

माझे आप्पा. आबांना तोंडावर "हात बघा" म्हणणारे आप्पा. त्यांना आयुष्यात खोटं बोलताना मी ऐकलं नव्हतं. बाजारात मेंढरू विकतानासुद्धा त्याचं दुखणं आधी सांगायचे. त्यांनी खोटं बोलायला नेमकी तीच गोष्ट काढली, जिचा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान होता. माझ्याकडे न बघता बोलले. जेवायला थांबा म्हटलं तर म्हणाले, "बस हाय आत्ता." बस दीड तासानं होती. मी काचेतून बघत होते, ते तेवढा वेळ हायवेच्या कडेला उन्हात उभे होते.

लग्नात जावेनं गंगावन लावलं. आखूड केसांना ते धरेना, दोनदा सुटलं. शेवटी तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि सगळं लग्न पदरातच काढलं. नवरदेवामागं दिवा घेऊन उभी असलेली करवली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. सगळ्या फोटोंमध्ये तशीच. बायका विचारायच्या, "काय गं, बालाजीला दिलेस का केस?" ती हसून म्हणायची, "हो ना, नवस होता." मी तिच्या शेजारी वाढत होते. हातातलं ताट टाकून पळून जावं असं वाटत होतं.

मला वाटलं होतं, आता ती माझ्याकडे येणार नाही. दोन महिन्यांनी रविवारी सकाळी आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "ताई, टोकं नीट करून द्या. परत वाढवायचेत. आता कसे सांभाळायचे तेही सांगा." तिच्या आवाजात काहीच नव्हतं. राग असता तर बरं झालं असतं.

मग मी जीव ओतला. दर दोन-अडीच महिन्यांनी टोकं, तीही कोरडी असताना, बटेगणिक. लेअर वाढते तशी खालचीशी जुळवून घ्यायची, नाहीतर वरून फुगते आणि खाली शेपटी राहते. जवस उकळून, गाळून तिच्यासाठी बरणीत जेल करून ठेवायचे. नासायच्या आत दर आठवड्याला नवं. धुतल्यावर टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती टी-शर्टमध्ये केस मुठीत धरून दाबायचे. रुंद दातांचा कंगवा, तोही केस ओले असतानाच. झोपताना सैल वेणी. हे सगळं मी तिच्यावर करत शिकले, पुस्तकात नव्हतं. आत्यांचं रविवारचं तेल तेवढं कमी करायला सांगितलं, फार तेलानं लाटा दबून सपाट होतात म्हणून. ते खरं आहे. पण सांगताना माझं मलाच विचारावं लागलं, हे खरं म्हणून सांगतेस की अजून जळतेस?

आणि बघा दैवाची थट्टा. तिचे केस बघून कंपनीतल्या पोरी यायला लागल्या. "त्या कासुर्डीच्या ताईंकडं जा, वेव्ही केसांचं त्यांनाच कळतं." फोटो भिंतीवर लागला. माझं नाव झालं ते ज्या डोक्याची मी वाट लावली त्या डोक्यामुळे.

माहेरचं मात्र बिघडलं. त्या वर्षी दिवाळीत आत्या मला सोडायला केंदूरला आल्या. नेमकी अंगणात कातरणी चालू. मेंढरू पाय बांधून आडवं केलेलं, शेजारी कातर पडलेली. माझा हात सवयीनं तिकडे गेला. आप्पांनी ती पटकन उचलून मागं सरकवली. "तू नगं. तुला कुठं येतंय?" बांधावरच्या आबांनी तोंड उघडलं, "आरं, ही तर..." आप्पांनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की आबा गप. आत्या म्हणाल्या, "बरोबर हाय, पोरीबाळींचं काम न्हाई ते." मी घरात जाऊन आईला भांडी घासू लागले. त्यानंतर आत्या नसतानाही आप्पांनी मला कातर दिली नाही. एकदा बोललेलं ते निभावत होते. माझ्यासाठी.

आता हल्लीचं सांगते. भावाला मुलगा झाला, त्याचं जावळ काढायचं ठरलं. आमच्या घरात एक पद्धत आहे, लेकराचं जावळ ज्या दिवशी निघतं त्याच दिवशी एका कोकराचंही जावळ कातरायचं आणि त्या लोकरीतली थोडी लेकराच्या उशीत घालायची. त्यासाठी आम्ही सगळ्याच जाणार होतो. आदल्या आठवड्यात जाऊ केस नीट करून घ्यायला बसली. आता ते पुन्हा पाठीच्या मध्यापर्यंत आलेले होते, अगदी तिनं बोट टेकवलं होतं तिथपर्यंत. पार्लरमध्ये आम्ही दोघीच. मी एक बट हातात धरली आणि ती आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, त्या दिवशी आप्पा बोलले ते मला ऐकू आलं होतं."

माझा हात तिथंच राहिला.

"ओलं हाय म्हणाले. माझ्या आजोबांचीपण मेंढरं होती की, ताई. मी लहानपणी सुट्टीला जायचे. ओलं म्हणजे काय ते मला कळतं."

"मग उठली का नाहीस?" मी विचारलं.

तिनं मांडीवर पडलेली एक बट उचलली. मग म्हणाली, "वाटलं, तुम्ही थांबाल."

एवढंच म्हणाली. शिव्या घातल्या असत्या, सगळ्यांसमोर ओरडली असती, तर मी काहीतरी उलट बोलले असते.  त्या क्षणी तिचे पाय धरायला पाहिजे होते. "मी मुद्दाम केलं" एवढे तीन शब्द बोलायला पाहिजे होते. आणि मी काय म्हणाले? "सरळ बस. हलू नकोस." तिचं डोकं पुढं करून कापत राहिले. कापून झाल्यावर तिनं केस झटकले, "छान झालंय" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी आप्पांना फोन लावला. म्हणाले, "आप्पा, त्या दिवशी तुम्ही बोललात ते तिला ऐकू गेलं होतं. तिला सगळं कळतं. तिच्या आज्याचीपण मेंढरं होती."

 पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग आप्पा म्हणाले, "म्हंजी माझं खोटंबी तिनं ऐकलं म्हण की."

फोन ठेवून दिला त्यांनी. मला वाटत होतं लाज माझी एकटीची आहे, मी ती सांभाळून आहे. म्हाताऱ्या बापाच्या गळ्यातही मी ती अडकवली होती आणि तीन वर्षं मागं वळून बघितलं नव्हतं.

जावळाच्या दिवशी अंगण भरलेलं. लेकराला त्याच्या मामानं मांडीवर घेतलं, पहिली बट कापली, लेकरानं गावभर ऐकू जाईल असं भोकाड पसरलं, सगळे हसले. मग कोकरू आणलं. काळं, दोन दिवस उन्हात वाळवलेलं, अंगावर नुसते कुरळे झुबके. भावानं सवयीनं कातर घ्यायला हात पुढं केला. आप्पांनी त्याला दिली नाही. ती हातात धरून ते जावेसमोर जाऊन उभे राहिले. सत्तरीचा माणूस, डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतलेला.

"बाई," ते तिला म्हणाले, "तवा मी तुमच्या दारात खोटं बोललो. हिला कातर धरता येती. मीच शिकवलीय. ओलं-वाळलं तिला समदं ठावं होतं."

 आत्या एकदा आप्पांकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. बांधावरचे आबा खाली बघत होते. आप्पांनी कातर माझ्यापुढं धरली. 

मी खाली बसले. कोकरू मांडीशी घेतलं, पाठीवर हात फिरवून बघितला. कोरडं होतं. आता माझ्यासाठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. "आत्या," मी म्हणाले, "चुकून नव्हतं झालं ते. हिच्या केसांवर मी जळत होते. तुम्ही तिला तेल लावायचात म्हणून. मी मुद्दाम ओले कापले."

आत्या होत्या तिथंच खाली बसल्या.  माझ्या डोळ्यांतलं पाणी कोकराच्या लोकरीवर पडायला लागलं.

जाऊ पुढं आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि कोकराचे पुढचे पाय धरले.

"ताई, थांबा," ती म्हणाली. "ओलं होतंय." आणि पदरानं तिनं ते पुसून घेतलं.